मैलारची भावकी

आमचं कुलदैवत खंडोबा. पण आजोबा जेजुरीचं नाव मागाहून घ्यायचे, आधी मैलारचं. भालकीजवळच्या खानापूरचं हे देवस्थान आज कर्नाटकात, बीदर जिल्ह्यात येतं. त्याच भागातल्या एका गावातून आजोबा 1948 च्या उन्हाळ्यात बाहेर पडले. त्या मे महिन्यात गोरटा गावात रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, कत्तल केली आणि भीतीनं अनेक कुटुंबं निजामाच्या हैदराबाद संस्थानाची हद्द ओलांडून सोलापूरकडे आली. आजोबांना गिरणीत काम मिळालं. सप्टेंबरात भारत सरकारची पोलीस कारवाई होऊन निजामाची राजवट संपली, तरी पोटापाण्यासाठी ते सोलापुरातच राहिले. 1956 साली बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आंध्रात, तर भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात.

वडिलांचा जन्म सोलापूरचा. आपलं गाव त्यांनी सत्तरी उलटेपर्यंत पाहिलं नव्हतं. अखेर एकदा नळदुर्ग, उमरगा, बसवकल्याण करत आम्ही भालकीला पोचलो आणि तिथून गावात. पाट्या कन्नडमध्ये, पारावरच्या गप्पा मराठीत. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “कुणाचे जी तुम्ही?” वडिलांनी त्यांच्या आजोबांचं नाव सांगितलं. म्हातारा काठी टेकत उठला आणि त्यानं आम्हाला थेट एका माळवदाच्या घरापुढे नेऊन उभं केलं.

ते वडिलांच्या चुलत भावाचं घर होतं. दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच पाहिलं आणि ते मिठी मारून रडले. भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी असं जेवण झाल्यावर काकांनी पेटीतून कापडात बांधलेले कागद काढले. निजामाच्या काळातली पहाणी, म्हणजे जमिनीची नोंद, सगळी उर्दूत. शेजारच्या निवृत्त उर्दू शिक्षकांना बोलावलं. त्यांनी बोट ठेवून वाचलं: सर्व्हे नंबर, पणजोबांचं नाव, खाली दोन्ही मुलांची नावं. काका म्हणाले, “तुमच्या वडलांचं नाव आम्ही कधी कमी केलं नाही.”

बाराव्या शतकाच्या सुमारास याच मुलखातल्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वरानं ‘मिताक्षरा’ लिहिली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मानंच असतो, हे तिचं सूत्र पुढे हिंदू वारसा कायद्याचा पाया झालं. आम्हाला जमीन मागायची नव्हती. पण गावाला पाठ फिरवून गेलेल्या माणसाचा जन्महक्क भावकीनं कागदावर जपला होता, हे ऐकून वडील बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सगळे मैलारला गेलो. मराठा, धनगर, लिंगायत, तेलंगणातून आलेले भाविक, सगळ्यांच्या कपाळी एकच भंडारा. काका म्हणाले, “तळी भावकीनं उचलायची.” ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा मांडला. वडील, काका, त्यांची दोन मुलं आणि मी, अशा पाच जणांनी ती उचलली. आमच्या घरी आजवर तळीला शेजारपाजारचे पुरुष बोलवावे लागत.

राज्याच्या सीमेनं कचेरी बदलली, शाळेची भाषा बदलली. नातं मात्र देवात, शेतात आणि भावकीच्या आठवणीत टिकून राहिलं. असे नातेवाईक सोलापूर, लातूर, धाराशिवच्या कितीतरी घरांना सीमेपलीकडे असतील. जुनी नावं ओळखणारी आणि उर्दू पहाणी वाचून दाखवणारी पिढी आता थकत चालली आहे. ती माणसं आहेत तोवर आपल्या आईवडिलांना घेऊन एकदा जा.