मुद्दलाला हात लावा

संपादकांनी 'ज्येष्ठांची गुंतवणूक' हा विषय दिला आणि वर बजावलं, आकडे कमी. जमेल तेवढं आवरतो.

पावसाळ्याच्या तोंडावर कोथरूडच्या एक काकू आल्या. वय ८२. सोबत मुलगी, आणि मुलगा अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले, म्हणून विकला. कर बाजूला काढून ७५ लाख उरत होते. राहायला मुलीकडे, पण नर्सिंग ब्युरोच्या दोन बाया, औषधं, फिजिओ मिळून महिना ६० हजार.

मुलाचा पहिला प्रश्न ठरलेला होता : "कर कसा वाचवायचा?" पैसे आईसाठी की करासाठी, हे विचारायचा मला आता कंटाळा आलाय.

उत्तर म्हणून सगळे ५४ ईसीचे रोखे सांगतात. विक्रीपासून ६ महिन्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवा, तेवढ्या नफ्यावरचा कर माफ. साडेबारा टक्क्यांनी सव्वासहा लाख वाचतात, शिवाय उपकर. रोखे सुरक्षित आहेत, वाद नाही. पण व्याज सव्वापाच टक्के, तेही करपात्र, आणि वर्षातून एकदा. ब्युरोचं बिल दर महिन्याला. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के मिळतात. मर्यादा ३० लाख, दर तिमाहीला ६१,५०० रुपये खात्यात. दोन्हींत जवळजवळ तीन टक्क्यांचा फरक. पाच वर्षांत वाचलेल्या कराचा बराचसा भाग तो खाऊन टाकतो. बँकेच्या एफडीशी तुलना केली तर रोखेच थोडे पुढे राहतात, हेही कबूल. माझा आक्षेप टक्क्यांवर नाहीच. रोखे ५ वर्षं मोडता येत नाहीत; तारण ठेवून कर्ज काढलं तर करमाफीही जाते. खुब्याचं हाड मोडलं तर हॉस्पिटलला कुठला रोखा दाखवणार? बचत योजनेतले पैसे निदान दंड भरून निघतात.

हे ऐकून मुलगा गप्प झाला. बोलल्या त्या काकू. "मुद्दल मोडू नका हो. पोरांना काहीतरी राहायला हवं." आणि रात्रीची बाई बंद करायची तयारी दाखवली. मार्चमध्ये रात्री बाथरूममध्ये पडल्यावरच ती बाई लावली होती.

मी कागदावर भागाकार करून दाखवला. कर जाऊन उरणारं व्याज आणि बायांची दरवाढ सारखी धरली, तर ७५ लाखांना वर्षाच्या ७ लाख २० हजारांनी भागायचं. जवळजवळ साडेदहा वर्षं. दरवाढ जास्त धरली तरी नऊच्या आसपास. काकूंची फॅमिली पेन्शन यात धरलेलीच नाही. काकूंनी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "तरी पण."

त्या 'तरी पण'ला माझ्याकडे उत्तर नाही. पैसे त्यांचे. ते कुणासाठी राखायचे हेही त्यांनीच ठरवायचं. पण मुलं त्या वाक्याच्या आड लपतात, ते मला खपत नाही. रात्रीची बाई बंद करून वाचलेले पैसे पुढे वारसांतच वाटले जाणार आहेत.

जाता जाता दोन गैरसमज. एक, दर जास्त म्हणून सगळी रक्कम एकाच सहकारी बँकेत. ठेवविमा बँकेमागे ५ लाखांपर्यंतच असतो. बुडालेल्या रुपी बँकेचं पुणेकरांना सांगायला नको. दुसरा, कुलमुखत्यारपत्र केलंय, आता चिंता नाही. आई स्मृतिभ्रंशाने निर्णय घेण्याच्या स्थितीत उरली नाही की कायद्याने ते पत्रही संपतं. मग पालक म्हणून नेमणूक मागायला उच्च न्यायालय गाठावं लागतं. मृत्युपत्र आणि 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' संयुक्त खातं हे सही नीट येते तोवरच उरकायचं.

तेव्हा सल्ल्याला येणार असाल तर घर विकण्याआधी या, आईला घेऊन या. आणि मागच्या तीन महिन्यांची ब्युरोची, औषधांची, डायपरची बिलं आणा. कराचं आपण शेवटी बघू.