पाठीवरचा आकडा

मी मराठीचा प्राध्यापक. आकड्यांशी माझा संबंध येतो तो उत्तरपत्रिका तपासताना, आणि तेव्हाही बेरीज चुकली म्हणून एखादा विद्यार्थी दारात उभा राहतोच. अशा माणसाला कोणी आकड्यांच्या कामात मदतीला घ्यावे, हे आश्चर्यच. पण परवा एका रविवारी दादाकडे जेवायला गेलो होतो. जेवण झाले. दादा नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र तोंडावर धरून आरामखुर्चीत पडला. (ते वाचन की झोप, हे वहिनीलाही अजून नक्की सांगता आलेले नाही.) मीही सतरंजीवर आडवा होण्याच्या बेतात असताना धाकटा पुतण्या दोनशे पानी वही घेऊन पुढ्यात येऊन बसला.

वहीत समासाला १ ते ९९ आकडे ओळीने लिहिलेले. प्रत्येक आकड्यापुढे, तो पाठीवर घालून खेळलेल्या सर्वांत लक्षात राहणाऱ्या खेळाडूचे नाव लिहायचे होते. नियम त्यानेच केले होते. खेळाडू आपल्या महाराष्ट्रातलाच हवा. एका आकड्यापुढे एकच नाव. आणि तो आपण स्वतः खेळताना पाहिलेला असावा. टीव्हीवर पाहिलेला चालेल, ऐकीव चालणार नाही.

"दहापुढे कोण, ते सांगूच नकोस," तो म्हणाला. खरेच, तिथे विचारण्यासारखे काही नव्हते.

पाचपुढे त्याने जेमिमा रॉड्रिग्ज लिहिले. ३० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना ती नाबाद १२७ धावा काढून रडली, तेव्हा आमच्या घरातही कोणाचे डोळे कोरडे नव्हते. चौतीसवर श्रीरामपूरचा झहीर खान बसला. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले होते, आणि वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात त्याने आरंभीच टाकलेली निर्धाव षटके मला अजून आठवतात. अठरावर थोडी चकमक झाली. पुतण्याच्या खोलीत विराट कोहलीचे चित्र आहे. पण तो पडला दिल्लीचा! नियमाला भावना नसतात, असे मी बजावले आणि अठरा नंबर सांगलीच्या स्मृती मानधनाला मिळाला. जुलैच्या अठरा तारखेला जन्मलेल्या मुलीकडून तो काढून घ्यायचा तरी कसा? अठराचा उलटा आकडा पुण्याच्या केदार जाधवचा. जानेवारी २०१७ मध्ये गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध हे १८ आणि ८१ एकत्र खेळले होते. केदारने ७६ चेंडूंत १२० धावा काढल्या आणि मी आमच्या सोसायटीची सभा बुडवली.

मग पुतण्याने विचारले, "गावसकरांचा नंबर काय?"

आता आली पंचाईत! कसोटीच्या पांढऱ्या सदऱ्यावर आकडा आला तोच मुळी २०१९ मध्ये. गावसकर, वाडेकर, वेंगसरकर कसोट्या खेळले ते कोऱ्या पाठीने. एवढेच कशाला, नोव्हेंबर २०१३ मध्ये शेवटची कसोटी संपवून सचिन वानखेडेच्या खेळपट्टीला नमस्कार करायला गेला, तेव्हा त्याच्याही पाठीवर दहा नव्हता. पुतण्याला हे पटेना. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीचे कांस्यपदक आणले. लंगोटाला कुठला आला आहे आकडा? आणि साताऱ्याची ललिता बाबर किंवा बीडचा अविनाश साबळे यांच्या छातीवरचे आकडे प्रत्येक स्पर्धेला बदलणारे. धर्मशाळेतल्या खोलीसारखे! संध्याकाळी खोली सोडायची, सकाळी दुसरा कोणी.

पंचेचाळीसपुढे रोहित शर्मा लिहिले. हा आकडा त्याच्या आईने सुचवला, असे सांगतात. त्यावरून बोरिवलीच्या त्याच शाळेतल्या, दिनेश लाड यांच्याच हाताखाली तयार झालेल्या शार्दूल ठाकूरवर गाडी आली.

"त्यानं तर सचिनचा नंबर ढापला होता," पुतण्या म्हणाला.

हे घडले तेव्हा पुतण्या पाळण्यात होता, तरी त्याला ते ठाऊक होते. लोकांच्या रागाला असे दीर्घायुष्य असते. शार्दूल पालघरचा. बॅटींचे ओझे खांद्यावर घेऊन लोकलगाडीने मुंबई गाठणारा मुलगा. ऑगस्ट २०१७ मध्ये कोलंबोत तो भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळायला उतरला, तो पाठीवर १० घालून. त्याचा हिशेब साधा होता. जन्मतारीख १६ ऑक्टोबर १९९१, तिच्या आकड्यांची बेरीज अठ्ठावीस, आणि दोन व आठ दहा. लोकांना हा हिशेब कोण सांगणार? त्यांनी त्याला असे काही धारेवर धरले की पुढे त्याने ५४ घेतला, आणि दहा आता कोणालाच द्यायचा नाही असे क्रिकेट मंडळाने ठरवल्याच्या बातम्या आल्या. त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्येही सगळे त्याच्यावर तुटून पडले होते. मी एकटा गप्प होतो. दुसऱ्याचा आकडा पाठीवर घेतला म्हणजे काय होते, ते त्या खोलीत फक्त मला माहीत होते.

१९९६ साल. आम्ही तेव्हा परळला राहत होतो. आमच्या मंडळाने कबड्डीच्या संघासाठी बारा मरून बनियने आणली आणि आकडे शिवायचे काम आईकडे आले. जुन्या पांढऱ्या चादरीतून इंग्रजी आकडे कापून तिने ते मशीनवर बसवले. "एक, चार आणि सात शहाणे, आणि तीन नि आठ मेले द्वाड," असे तिचे मत होते. कबड्डीत सात गडी मैदानात आणि पाच बाहेर. दादा चार नंबर. संघाचा पहिला चढाईपटू. मी बारा नंबर. म्हणजे पाण्याची कळशी सांभाळणारा.

पाठ दाखवून मागच्या पायाने गडी टिपावा तो दादानेच. पंचांनी "चार नंबर!" म्हटले की गॅलऱ्यांतल्या बायका हातातले काम थांबवत. उपउपांत्य सामन्याच्या आधीच्या सामन्यात त्याचा गुडघा गेला. दुसऱ्या दिवशी आमचे प्रशिक्षक घरी आले आणि मला म्हणाले, "उद्या तू उतर. चारच घाल. समोरचे बिचकतील."

बारा नंबरचे बनियन घालून मला उतरता आले असते. नियमाची काही आडकाठी नव्हती. पण खरे सांगतो, मला चारच हवे होते. दोन वर्षे हवे होते. दोरीवर वाळणारे बनियन मी काढले, तेव्हा दादा प्लास्टरातला पाय उशीवर ठेवून खाटेवर पडला होता. मी त्याला विचारले नाही. आईला विचारले. आईने त्याच्याकडे पाहिले. "घेऊ दे," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

सामन्याला मात्र तो आला. मित्रांनी उचलून आणून त्याला गुणलेखकाच्या टेबलाशेजारी बसवले. माझी चढाई आली तशी गर्दी "चार! चार!" ओरडू लागली. ते ओरडणे माझ्यासाठी नव्हते, हे मध्यरेषा ओलांडता ओलांडता मला कळले. घोटा सापडला, साखळी अंगावर आली, दम तुटला. "चार नंबर बाद." सामना आम्ही पुष्कळ गुणांनी हरलो, त्यात माझा वाटा एकाच गुणाचा होता, पण हा हिशेब मी कोणाला सांगत बसलो नाही. दादाचा गुडघा बँकेचे जिने चढण्याइतका बरा झाला, कबड्डीइतका नाही. ते बनियन त्याने पुन्हा घातले नाही, मीही नाही. आणि त्या दिवसाविषयी आम्ही भाऊ तीस वर्षांत एक शब्द बोललो नाही.

"काका, चार रिकामाच आहे," पुतण्या म्हणाला.

"तुझ्या बाबांचं नाव लिही," मी म्हणालो. तो हसला. त्याला ती थट्टा वाटली.

तेवढ्यात वर्तमानपत्रामागून आवाज आला. "काकाचं लिही."

"भलतंच काय, दादा!"

"नियम काय आहे? स्वतः पाहिलेला खेळाडू." वर्तमानपत्र काही खाली आले नाही. "मी मला कुठं खेळताना पाहिलंय? चार नंबर खेळताना मी एकदाच पाहिला. हा पहिल्याच चढाईत निदान रेषेच्या पलीकडे गेला होता. मी पहिल्या वर्षी तिथपर्यंत जात नव्हतो."

मला काही बोलता येईना. शेवटी म्हणालो, "मी तुला शंभर वेळा पाहिलाय. लिही रे, बाबांचं लिही."

"काकाचं लिही," वर्तमानपत्र म्हणाले.

पुतण्याने पेन्सिल खाली ठेवली. "एका आकड्यापुढे एकच नाव. आणि मी तुम्हां दोघांनाही पाहिलेलं नाही," तो म्हणाला. चारपुढची ओळ त्याने तशीच कोरी सोडली आणि विचारले, "बरं, सहा नंबर कोण?"