पडवीतला दिवा

माझी एक मावशी रामनगरला राहते. अनमोडचा घाट चढून जोयडा तालुक्यात शिरलं की ते गाव काही फार लांब नाही, तरी माझं जाणं होतं वर्षातून एकदा. यंदा पोचलो तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. मावशी खाटेवर बसलेली. गुडघे आता तिचं ऐकत नाहीत. मला बघून तिने मोबाईल तोंडाजवळ नेला आणि म्हणाली, "माजघरात दिवा लाव बघू."

आणि लागला की हो दिवा!

ही करामत मावसभावाची. तो बंगळूरला असतो. आईला अंधारात उठून बटणापर्यंत जावं लागू नये म्हणून त्याने कपाटावर एक डबीएवढा संगणक बसवून दिलाय. त्यात 'होम असिस्टंट' नावाची प्रणाली आहे, 2013 पासून जगभरचे हौशी लोक मिळून घडवतात ती. मावशीचं बोलणं समजून घेतो तो मात्र एआय एजंट. तो घरातल्या दिव्यांची यादी बघतो आणि हवा तो दिवा लावायचा हुकूम सोडतो. एजंटने अशा साधनांशी कसं बोलावं याची एक सामायिक रीत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर केली. होम असिस्टंटने ती 2025 मध्ये आपलीशी केली. इथवर मला समजलं. पुढचं मावसभाऊ सांगत राहिला आणि मी हूं हूं करत राहिलो.

खरी गोम त्या यादीत आहे. मावसभावाने त्यात नावं भरली होती हॉल, किचन, बेडरूम वन, बेडरूम टू. मावशी म्हणायची, "बाळंतिणीच्या खोलीतला दिवा लाव." एजंट गप्प. कारण बाळंतिणीची खोली ह्या घरात नाहीच. ती होती सुप्याच्या घरात.

सुपा म्हणजे तालुक्याचं जुनं ठाणं. तालुक्याचं नावही तेच होतं. काळी नदी ह्याच तालुक्यात डिग्गीला उगम पावते. तिच्यावर धरणाचं काम 1974 मध्ये सुरू झालं, 1987 मध्ये पुरं झालं. भिंतीची उंची 101 मीटर. गाव पाण्याखाली गेलं, ठाणं जोयड्याला हललं आणि मावशीसारखी कितीतरी घरं रामनगरला आली. धरणाच्या पायथ्याशी 50 मेगावॅटची दोन यंत्रं आहेत आणि तेच पाणी पुढे नागझरीच्या वीजघरात जातं. मावशी लग्न होऊन सुप्याला आली तेव्हा घरात चिमण्या नि कंदील होते. ज्या पाण्यात घर गेलं त्याच पाण्याची वीज झाली. आता मावशीच्या उशाशी जळते ती त्यातलीच की आणखी कुठली, कोण सांगणार? तारेत सगळी एकच.

तर यादी. एकेका दिव्याला दोन-तीन टोपणनावं देता येतात. मावसभावाने ती दिली. हॉलचं माजघर झालं, बेडरूम टू झाली बाळंतिणीची खोली, मागच्या सामानाच्या खोलीला कोठार. चाळीसेक वर्षांपूर्वी बुडालेलं घर एका डबीतल्या यादीत पुन्हा उभं राहिलं म्हणा ना. मावशीला त्याचं काही नवल नाही. तिच्या तोंडातून ते घर कधी गेलंच नव्हतं.

रात्री जेवल्यावर मी सहज मोबाईलला म्हटलं, "दिवा विझव." मावशीने मला मध्येच अडवलं, "विझव म्हणू नये रे, मालव म्हण." एजंटला दोन्ही शब्द सारखेच. त्याने मुकाट्याने दिवा बंद केला. मावशीला ते आवडलं नाही. "त्याला कोणी शिकवलं नाही वाटतं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सांजेला पाऊस उतरला. शेजारची कोणीतरी यायची होती. मावशी म्हणाली, "पडवीत दिवा लाव." उत्तर आलं, पडवी नावाची जागा सापडली नाही. हे घर सरळ रस्त्यावर उघडतं, दारासमोर नुसत्या दोन पायऱ्या. मावशीने मोबाईल उपडा ठेवला आणि बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं, गुमान माजघरातला दिवा लावला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही. तसं फसवलेलं तिला मुळीच चाललं नसतं.

मी मावसभावाला फोन केला. कपाटात एक जादा बल्ब पडून होता. दाराबाहेरचा साधा बल्ब काढून तो बसवला, फोनवरून तो सांगत गेला तसं जोडलं. मध्ये नेट गेलं तेवढा वेळ आम्ही दोघेही बसून. एजंटचं डोकं घराबाहेर कुठेतरी दूर असतं, नेट गेलं की तो बहिरा. शेवटी यादीत नवा दिवा दिसला, नावाची जागा रिकामी.

"पडवी लिहितो," मी म्हटलं.

"नको," मावशी म्हणाली. "पडवी आहे तिथे आहे. ह्याला पायरी म्हण."

मी पायरी लिहिलं.