गाठोड्यातली प्रतवारी

शिवणाची खोली कशी लावावी, असं कुणालाही विचारलं की पहिला सल्ला कापडं रंगांप्रमाणे लावण्याचा मिळतो. तांबडी एका खणात, निळी दुसऱ्यात, फुलाफुलांची तिसऱ्यात. कपाट उघडलं की डोळ्यांना बरं वाटतं, यात शंका नाही. पण गोधड्या शिवताना आणि त्याहूनही अधिक, जुन्या गोधड्या दुरुस्त करताना माझं ठाम मत झालं आहे की ही मांडणी गोधडीच्या मुळावर येते. कापडं आधी त्यांच्या ताकदीप्रमाणे लावावीत, मग सुती, रेशमी, पॉलिस्टर अशा जातीप्रमाणे. रंगाचा नंबर त्यानंतर. गोधडी किती वर्षं टिकणार हे बरंचसं सुई हातात घेण्याआधी, गाठोडं सोडतानाच ठरतं.

याचा पुरावा फाटलेल्या गोधड्याच देतात. विरलेली गोधडी उजेडात धरून पाहा. दोरा सहसा शाबूत असतो, कापड टाक्यांच्या कडेनं गेलेलं असतं. त्यातही सगळ्यात आधी फाटतं ते कोरं, करकरीत कापड आणि मऊ झालेलं जुनं कापड जिथे एकमेकांना जोडलंय तिथे. ओढ बसली की भक्कम तुकडा जागचा हलत नाही आणि सगळा ताण शेजारच्या जीर्ण तुकड्यावर येतो. धुण्यातही हेच होतं. न धुतलेलं सुती कापड पहिल्या एकदोन धुण्यांत आटतं, पॉलिस्टर जवळजवळ आटत नाही. दोन्ही शेजारी शिवली तर चुण्या पडतात, आणि त्या चुण्यांच्या माथ्यावर घासून कापड झिजतं. दोऱ्याचंही तसंच आहे. ‘मजबूत’ म्हणून घेतलेला नायलॉनचा दोरा जीर्ण सुती साडीला हळूहळू कापत जातो. बंगालच्या कांथ्यात जुन्या साडीच्या काठातून ओढून काढलेला दोरा वापरायची रीत होती. काटकसर तर त्यात होतीच, पण दोरा आणि कापड एकाच ताकदीचे राहत, हे मला जास्त मोलाचं वाटतं. तुटायचंच असेल तर दोरा तुटावा. तो पुन्हा घालता येतो, विरलेलं कापड परत आणता येत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की आपल्या आज्या-पणज्यांनी कुठे खण आणि डबे केले होते? एका बोचक्यात सगळं कोंबलेलं असायचं आणि तरी त्यांच्या वाकळी वर्षानुवर्षं टिकल्या. हे खरं आहे, पण त्यांच्यापाशी प्रतवारी नव्हती असं मात्र म्हणता येणार नाही. बोचक्यातलं प्रत्येक लुगडं, प्रत्येक धोतर घरातच वापरलेलं, त्यांच्याच हातांनी धुतलेलं. कुठलं कुठे विरलंय, कुठल्याचा रंग जातो, हे त्यांना तोंडपाठ असे. नऊवारी लुगडं म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. त्याची लांबीत चौघडी केली की पावणेसात फुटांचे चार थर मिळतात, आणि घडी कशी घातली तर विरलेला भाग आत जाईल हे घालणारीला बरोबर ठाऊक असे. आज आपल्याकडे शिंप्याकडचे तुकडे येतात, नात्यातल्यांचे ड्रेस येतात, बाजारातून आणलेलं कापड येतं. त्यांचा पूर्वेतिहास आपल्याला माहीत नसतो. जी माहिती आज्या-पणज्यांच्या स्मरणात होती ती आता आपल्याला मांडणीत ठेवावी लागते, एवढाच फरक.

म्हणून घरात आलेलं प्रत्येक कापड आधी धुवावं. खळ पूर्ण काढावी, कारण खळीच्या कापडाला कसर लवकर लागते. ओलं असतानाच पांढऱ्या फडक्यावर दाबून रंग जातो का ते पाहावं. वाळलं की खिडकीसमोर धरावं, म्हणजे विरळ झालेले भाग लगेच दिसतात. मग दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून आडवं-उभं ताणावं. करकर आवाज आला किंवा धागे सरकले तर ते कापड वरच्या थराचं नाही. जात कळत नसेल तर दोनचार धागे काढून चिमट्यात धरून, खाली ताटली ठेवून जाळावेत. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि भुरभुरीत राख पडते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. एवढं झालं की तीन डबे पुरतात: भक्कम, मध्यम आणि जीर्ण. भक्कम कापड काठाला आणि वरच्या थराला, मध्यम पाठीला, जीर्ण पोटात. साड्यांचे काठ वेगळे गुंडाळून ठेवावेत. त्यांची वीण दाट असते, आणि गोधडीची किनार सगळ्यांत आधी झिजते. जीर्ण कापड मात्र कुणीही टाकून देऊ नये. गोधडीचा ऊबदार मऊपणा त्याच्यातूनच येतो, फक्त त्याच्यावर ताण येऊ द्यायचा नाही. धावदोरा दाट घातला की ओढ सगळ्या थरांत वाटली जाते आणि पोटातलं कापड निवांत राहतं.

रंगसंगतीचं काय, हा प्रश्न रास्त आहे. गोधडी देखणी असावी असं मलाही मनापासून वाटतं. पण डब्याच्या आत रंगांप्रमाणे घड्या लावायला कुणाची आडकाठी आहे? हवा तो निळा भक्कम डब्यात नसेल, तर वरच्या थरासाठी तो निळा आपल्याकडे नाही, हे मान्य करावं. जीर्ण निळा वापरायचाच असेल तर त्याच्यामागे भक्कम सुती तुकडा धरून दोन्ही एकत्र टाचावेत. जागेची अडचण त्याहून खरी आहे. दोन खोल्यांच्या घरात शिवणाला वेगळी खोली कुठून आणायची? म्हणूनच रंगांची लांबलचक फळी परवडत नाही आणि पलंगाखाली मावणारे तीन डबे परवडतात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात ते पूर्ण हवाबंद करू नयेत. आत दमटपणा राहिला तर बुरशी येते. उघडीप मिळाली की कापडं उन्हात घालावीत. प्रत्येक घडीला एक चिठ्ठी असावी: कसलं कापड, धुतलं की नाही, रंग जातो का. चिठ्ठी टाचणीनं लावली तर गंजाचा डाग पडतो, तेव्हा ती दोऱ्याच्या कच्च्या टाक्यानं अडकवावी. गोधडी शिवून झाल्यावर तिच्यातल्या प्रत्येक कापडाचा वीतभर तुकडा वेगळ्या पिशवीत राखून ठेवावा आणि गोधडी धुवायला निघाली की तोही तिच्याबरोबर धुवावा, म्हणजे पुढे ठिगळ लावायची वेळ येईल तेव्हा ते मूळ कापडाइतकंच मऊ आणि तितकंच आटलेलं असेल.