कोलकात्यातले चार दिवस

आपल्या कष्टकरी माणसाचा प्रवास बहुधा कामापुरताच असतो. लग्न, मयत, दवाखाना, मुलांची परीक्षा; नाहीतर ६ डिसेंबरला चैत्यभूमी आणि विजयादशमीला दीक्षाभूमी. नवरा-बायकोने नुसते शहर पाहायला जाणे ही आपल्या वस्तीत अजून चैनच समजली जाते. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे भुसावळहून कोलकात्याला निघालो, तेव्हा आमच्याही कानावर आलेच, "पोरं शिकायची आहेत अजून, आणि यांना फिरणं सुचतंय!"

मुलांच्या फीचे पैसे आम्ही आधीच बाजूला काढले होते. प्रवासासाठी दोन वर्षे दरमहा ३०० रुपये पोस्टात टाकले होते. लग्नाला २१ वर्षे झाली, पण कामाशिवाय दोघे मिळून घराबाहेर कधी पडलोच नव्हतो. लोकांच्या बोलण्यापेक्षा हेच आम्हांला जास्त टोचत होते.

ज्यांच्याकडे उतरलो ते मित्र मूळचे बंगालचे. भुसावळला रेल्वेत असताना आमचे शेजारी होते. वहिनी अजून मोडकेतोडके मराठी बोलतात. पहिल्याच रात्री चौघांनी ठरवले, या चार दिवसांत बायकांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही. सकाळ-संध्याकाळ पुरुषांनी रांधायचे, दुपारी बाहेर जेवायचे. तिथे पाइस होटेल नावाच्या जुन्या, साध्या खानावळी आहेत. भात, डाळ, माशाचा रस्सा, जे घ्याल त्याचेच पैसे. खिशाला परवडते आणि पोटही भरते.

१९४३ साली खुला झालेला हावड्याचा पूल आम्ही पायी ओलांडला. एवढा मोठा लोखंडी पूल, पण नदीच्या पात्रात त्याला एकही खांब नाही. पुलावरून डोक्यावर ओझी घेऊन हमालांची धावपळ चालू होती. परत येताना हुगळी नदीच्या खालून धावणाऱ्या मेट्रोने आलो. ती २०२४ साली सुरू झाली. देशातली पहिली मेट्रोही १९८४ साली याच शहरात धावली.

१८१४ साली स्थापन झालेल्या इंडियन म्युझियममध्ये मात्र अर्धा दिवस कसा गेला ते कळले नाही. मध्य प्रदेशातील भरहुत स्तूपाचे तांबूस दगडाचे कठडे आणि तोरण तिथे ठेवले आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे हे काम. त्यात बुद्धाची मानवरूपात मूर्ती नाही. बोधिवृक्ष, धम्मचक्र, पावले एवढ्याच खुणा आहेत. दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरली आहेत. भरहुतच्या या लेखांत नासिकच्या गोरखिता नावाच्या स्त्रीने खांब दान दिल्याची नोंद आहे, हे आम्ही निघण्यापूर्वी वाचनालयात वाचले होते. लेखात तिच्या नवऱ्याचे नाव येते, पण दान तिचे. आमच्या सहचारिणीचे माहेर नाशिकचे. ब्राह्मी येत नसल्याने त्या प्रत्येक खांबापुढे थांबत होत्या. म्हणाल्या, "आमच्या गावची बाई दोन हजार वर्षांपूर्वी इतक्या लांब नाव कोरून गेली, आणि मी एवढ्या वर्षांत भुसावळ सोडून काय पाहिलं?" वहिनींनी त्यांचा हात धरला. दोघी बराच वेळ तिथेच उभ्या होत्या.

शेवटच्या दिवशी मित्राने विधानसभेची इमारत बाहेरून दाखवली. त्याचे आजोबा खुलना जिल्ह्यातून निर्वासित होऊन आलेले. १९४६ साली संविधान सभेवर बाबासाहेब निवडून गेले ते बंगालमधून. त्यासाठी जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खटपट केली. फाळणीमुळे ती जागा गेली आणि १९४७ मध्ये बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडून आले. मित्र म्हणाला, "दादा, संविधानात आमचाही वाटा आहे बरं!" पुस्तकातली ओळ त्या रस्त्यावर उभे राहून ऐकताना वेगळीच वाटली.

बंधू-भगिनींनो, कर्ज काढून फिरा असे आम्ही म्हणत नाही. पण महिन्याकाठी थोडे बाजूला टाकून जोडीने एकदा तरी बाहेर पडा. ओळखीचे घर असेल तर तिथे उतरा आणि तिथल्या गृहिणीलाही सोबत घेऊन निघा. आमच्या घरी आल्यापासून रविवारचा स्वयंपाक आता पुरुष मंडळींकडे आहे, आणि सहचारिणींनी पोस्टात नवे खाते उघडले आहे. या वेळी गाव त्या निवडणार आहेत.