हिंगण्याची वाट

मी बारा वर्षांचा होतो तेव्हा माझ्या मालकीचे एक ग्रंथालय होते. शनिवार पेठेतील आमच्या वाड्यात जिन्याखाली त्याचे ठाणे होते. त्याला नाव होते, रबरी शिक्का होता, सुबक अक्षरांत लिहिलेली नियमांची पाटी होती आणि शंभर पानांची नोंदवहीही होती. नव्हती ती फक्त पुस्तके. १९६६ सालच्या उन्हाळ्याच्या सुटीत मी रोज एखादा नवा नियम लिहीत असे आणि मोठेपणी ग्रंथालयासाठी तीन मजली इमारत बांधावयाची, असे बेत करीत असे.

एके दिवशी आजीने ती वही चाळली. "शिक्का छान उमटला आहे हो," ती म्हणाली, "पण आता तो उमटवायचा कशावर?"

मी फुरंगटून बसलो. दुसऱ्या दिवशी पहाटेच तिने मला उठविले. "चल, माझी शाळा दाखविते."

लकडी पूल ओलांडून, डेक्कन जिमखान्यावरून आम्ही कर्वे रस्त्याला लागलो. वाटेत बस दिसली की मी आशेने आजीकडे पाही. पण ती आपली चालतच होती. हिंगण्याला पोहोचेतो माझे पाय दुखू लागले होते. तेथे एक साधी झोपडी जपून ठेवलेली आहे. तिच्यापुढे उभी राहून आजी म्हणाली, "या एवढ्याशा जागेतून अण्णांनी विद्यापीठ उभारले."

अण्णा म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. चारच वर्षांपूर्वी, १९६२ साली, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी ते वारले होते, एवढे मला ठाऊक होते. पण आजी जे सांगू लागली ते निराळेच होते. कोकणातील मुरुडचा हा मुलगा १८७५ साली परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्याला गेला. शंभर मैलांहून अधिक चाल झाली. तेथील अधिकाऱ्यांनी त्याच्या लहानखुऱ्या चणीकडे पाहिले आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही, म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. तो पुढल्या वर्षी कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा उत्तीर्ण झाला.

"मग ते रडले का?" मी विचारले.

"ते ठाऊक नाही. पण परत चालत गेले असतील ना!"

हाच मुलगा १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागला. त्या काळी लहानपणीच विधवा झालेल्या मुलींचे हाल कुत्रा खात नसे. त्यांना शिकवून आपल्या पायांवर उभे करावे, या हेतूने कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात आश्रम काढला. पुढे शहरात प्लेगने थैमान घातले, तेव्हा १९०० साली तो हिंगण्यास हलविला. जमीन रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी दिली आणि तीवर ही झोपडी उभी राहिली. घर पुण्यात, आश्रम हिंगण्यात. कॉलेजातील काम आटोपले की अण्णा पायी हिंगण्यास येत, रात्री मुलींना शिकवीत आणि सकाळी पुन्हा पायी परतत. पावसाळ्यात ती वाट म्हणजे नुसता चिखल. आजी स्वतः पुढे कित्येक वर्षांनी तेथे शिकावयास आली. हे सारे तिने थोरल्या बायकांकडून ऐकले होते.

त्यानंतरचा इतिहास तिने भरभर सांगितला. कोणीतरी टपालाने पाठविलेली, जपानमधील महिला विद्यापीठाची एक पुस्तिका अण्णांच्या वाचनात आली. १९१६ साली त्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केले. त्याच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षी विद्यार्थिनी होत्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या! १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. तो आकडा ऐकून माझे डोळे विस्फारले. आजीचे मन मात्र अजून त्या चिखलातच घुटमळत होते. आज मलाही, खरे सांगावयाचे तर, पंधरा लाखांपेक्षा त्या चिखलाचेच नवल अधिक वाटते. देणगी एकदा आली. चिखल रोज तुडवावा लागला.

घरी आल्यावर मी माझी स्वतःची सात पुस्तके जिन्याखाली मांडली. पहिल्या आठवड्यात तीन वाचक आले. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, भिंत पाझरली आणि दोन पुस्तके भिजून फुगली. एक पुस्तक नेणारा मुलगा ते परत आणीना. मी पाटी काढून माळ्यावर टाकली.

आजी काही बोलली नाही. संध्याकाळी तिने छत्री घेतली आणि ती बाहेर पडली. पेठेतील चार-पाच वाड्यांतून फिरून दिवेलागणीला परतली, तेव्हा तिचे लुगडे गुडघ्यापर्यंत भिजले होते आणि पदराखाली नऊ जुनी पुस्तके होती, अगदी कोरडी. ती तिने माझ्यापुढे ठेवली.

मी शिक्का शोधू लागलो.

"आधी माझे नाव लिही," आजी म्हणाली. "मला आजच एक पुस्तक वाचावयास हवे आहे."

नोंदवहीतील चौथे नाव तिचे आहे. पुस्तक तिने दोन दिवस उशिरा परत केले आणि नियमाप्रमाणे दोन पैसे दंडही भरला.