नत्रवायू आणि आजोबांचा प्याला

स्टाउट ही काळी बियर आंबून तयार झाली की काम संपले, अशी आमची बरीच वर्षे समजूत होती. मराठीत दारू गाळतात. बियर गाळून भागत नाही, ती आंबवावी लागते, आणि हे आंबवणे चार पुस्तके वाचून व दोन पिंपे नासवून कोणालाही जमते. भाजलेल्या सातूचा कडवट काळेपणा, हॉप्सचे प्रमाण, यीस्टला मानवणारी ऊब हे सारे मँचेस्टरमधील आमच्या घरामागच्या शेडमध्ये यथास्थित पार पडत असे. ब्रिटनमध्ये घरापुरती बियर करण्यास १९६३ पासून परवाना लागत नाही. ती विकता मात्र येत नाही. आम्हांला विकायची नव्हतीच. आम्हांला ती एका माणसाला पाजायची होती.

शेजारचे हे गृहस्थ मूळचे आयर्लंडच्या पश्चिमेकडील मेयो परगण्यातले. १९५५ साली, अठराव्या वर्षी, बांधकामावर मजुरी करण्यासाठी ते इंग्लंडात आले आणि इथलेच झाले. आमची मुलगी त्यांना आजोबा म्हणते, म्हणून आम्हीही. कमरेचे हाड मोडल्यापासून कोपऱ्यावरचा पब त्यांना परदेशाइतका लांब झाला. डब्यातली स्टाउट त्यांना चालत नाही. आमची स्टाउट आम्ही तोवर बाटल्यांत भरून जिन्याखाली ठेवत असू. पण आयरिश माणसापुढे घरगुती बाटली कशी ठेवायची? त्यांना पबमधल्यासारखा, वर सायीसारखा फेस धरलेला प्याला हवा असणार, हे आम्ही परस्पर ठरवून टाकले. त्यांना विचारले नाही.

तो फेस बियरमध्ये नसतो, वायूत असतो, हे आम्हांला तेव्हा कळले. पिंपातली बियर तोटीपर्यंत ढकलायला दाब लागतो, आणि दाब देणारा वायू बियरमध्ये थोडाफार विरघळतोही. किती विरघळतो याचा नियम विल्यम हेन्री यांनी १८०३ साली मांडला, तो याच मँचेस्टरमध्ये. मिश्रणातला प्रत्येक वायू आपापल्या वाट्याचाच दाब देतो, हे सांगणारे जॉन डाल्टनही इथलेच. शाळेत हे दोन्ही नियम आम्ही पाठ केले होते. त्यांची गाठ अशी शेडमध्ये पडेल असे वाटले नव्हते.

स्टाउटच्या तोटीत पाच बारीक छिद्रांची एक चकती असते. त्या छिद्रांतून बियर नेटाने गेली म्हणजेच बारीक बुडबुडे सुटतात आणि फेस जमतो. त्यासाठी चौरस इंचाला तीसेक पौंडांचा दाब हवा. हा दाब निव्वळ कार्बन डायऑक्साइडने द्यावा, तर तो वायू बियरमध्ये इतका मुरतो की प्याल्यात नुसता फेस येतो, आणि त्यातून जी थोडी बियर हाती लागते ती जिभेला आंबट झोंबते. दाब कमी करावा तर तोटीतून काळे, मुके पाणी गळते. निव्वळ नत्रवायू वापरावा, तर तो जवळजवळ विरघळतच नाही. बियर ढकलतो, पण तिच्यातला मूळचा कार्बन डायऑक्साइड पिंपाच्या रिकाम्या होत जाणाऱ्या जागेत निसटू लागतो आणि शेवटचे प्याले निर्जीव होतात. म्हणून मिश्रण. तीस पौंडांत हवेचे पंधरा मिळवले की पंचेचाळीस. त्यात कार्बन डायऑक्साइडचा वाटा तीस टक्के धरला तर साडेतेरा. तळघरातल्या थंडाव्यात एवढ्या दाबाने बियर जवळजवळ स्वतःच्या आकारमानाएवढा वायू धरून ठेवते, लागर बियरच्या निम्म्याहून कमी. बाकीचा सगळा जोर नत्रवायू लावतो.

गणित असे पक्के करून आम्ही सिलिंडर आणायला गेलो आणि फसलो. दुकानात दोन मिश्रणे होती : ‘६०/४०’ आणि ‘३०/७०’. आम्ही शेतकऱ्याघरचे. ‘नत्र, स्फुरद, पालाश’ ही त्रयी आम्हांला वर्णमालेच्या बरोबरीने शिकवली गेली. खताच्या पोत्यावर १०:२६:२६ असे छापलेले असले, की पहिला आकडा नत्राचा, यात शंका नसे. आम्ही वाचलेली अमेरिकन पुस्तकेही ‘७५/२५’ लिहितात तेव्हा नत्र आधी मोजतात. तेव्हा ज्यात नत्र जास्त ते ६०/४०, असे म्हणून आम्ही ते उचलले. ब्रिटनमधील पबच्या धंद्यात मात्र कार्बन डायऑक्साइड आधी लिहितात. आठवडाभराने तोटी उघडली, तेव्हा प्याल्यात, हातावर, भिंतीवर आणि आमच्या चष्म्यावर फेसच फेस. जन्मभर पाठभेदांवर व्याख्याने देऊन दोन आकड्यांचा अन्वय चुकावा, याची लाज त्या वाया गेलेल्या बियरपेक्षा अधिक वाटली.

दुसऱ्यांदा ३०/७० आणले. शेडची खिडकी उघडी ठेवायलाही तेव्हाच शिकलो. कार्बन डायऑक्साइड साठला तर छाती धापा टाकून ओरडते, नत्रवायू मात्र काहीही न कळवता माणसाला झोपवतो. पिंपातला जादा वायू सोडून, पुन्हा दाब देऊन, चार दिवस धीर धरून तोटी उघडली. प्याल्यात तपकिरी ढग उतरू लागले. बुडबुडे काचेलगत खाली जाताना दिसत होते. प्याला वर रुंद होत जातो म्हणून मधला प्रवाह चढतो आणि कडेचा उतरतो, असे लिमरिक विद्यापीठातील गणितज्ञांनी २०१२ साली दाखवले आहे. पण ते ठाऊक असूनही आम्ही तोंड उघडे ठेवूनच पाहत होतो.

आजोबांनी प्याला घेतला, निवू दिला, अर्धा प्यायले. ‘‘पबमधल्यासारखी झाली रे पोरा,’’ म्हणाले. आम्ही धन्य झालो. मग ते म्हणाले, ‘‘पण आमच्या गावी ही नव्हती.’’

त्यांच्या गावात किराण्याचे दुकान आणि पब एकच होते. डब्लिनहून पिंप येई, आणि दुकानदार स्वतः त्यातली स्टाउट बाटल्यांत भरून, बुचे मारून, स्वतःच्या नावाची चिठ्ठी डकवून मुरायला ठेवी. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेले तर दोन लाकडी पिंपांतून प्याला भरत : एकातली ताजी, उसळणारी, दुसऱ्यातली शिळावलेली, निवांत. हा सायीचा फेस त्यांनी इंग्लंडात आल्यावर, काही वर्षांनी पाहिला.

घरी येऊन आम्ही हिशोब मांडला. स्टाउटमध्ये नत्रवायू आणला तो गिनेस कंपनीतील मायकल अ‍ॅश या केंब्रिजला शिकलेल्या गणितज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, साल १९५९. कंपनी १७५९ ची. म्हणजे दोनशे वर्षे आयर्लंड जी स्टाउट पीत आला तिच्यात हा वायू नव्हता. फ्लॅन ओब्रायनच्या १९३९ मधील ‘अ‍ॅट स्विम-टू-बर्ड्स’ या कादंबरीत काळ्या प्याल्याचे गुणगान करणारी एक प्रसिद्ध कविता आहे. ती वाचताना दरवेळी आम्ही त्या प्याल्यावर हाच पांढरा थर चढवत आलो होतो. कवीच्या प्याल्यात तो असणे शक्य नव्हते. आणि आजोबांच्या तरुणपणातही आम्ही तो असाच, न विचारता, ओतला होता.

पुढच्या रविवारी जिन्याखालची एक बाटली नेली. त्यांनी आमच्या हातून ती काढून घेतली, प्याला तिरपा धरला आणि थरथरत्या हाताने इतकी सावकाश ओतली की तळाचा गाळ बाटलीतच राहिला. फेस तपकिरी आला, थोडा, आणि लवकर बसला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

‘‘ही इतके दिवस कुठे लपवली होतीस?’’ त्यांनी विचारले.

सिलिंडर अजून शेडमध्ये आहे. त्याचे भाडे चालू आहे. आजोबा पहिला प्याला तोटीचा घेतात, आमचा उत्साह पाहून, असा आम्हांला संशय आहे. दुसऱ्या खेपेस बाटली मागतात.